न ऐकलेल्या सात सकाळी

परवापर्यंत कुणापाशी बोललो नव्हतो ते आधी सांगून टाकतो. मागाहून सांगायचं ठरवलं तर पुन्हा गिळून टाकीन, एवढा मी मला ओळखतो. माझ्या उस्तादांकडून हदीसचा थोरला ग्रंथ मी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत माझ्या कानांनी ऐकला, असं मी अठ्ठावीस वर्षं सांगत आलो. माझ्या सनदेत, म्हणजे उस्तादांनी दिलेल्या शिकवण्याच्या परवान्यात, तसंच लिहिलेलं आहे. ते खरं नाही. मधल्या सात सकाळी मी तिथे नव्हतो.

लिहून झालं. बाहेर काही कोसळलं नाही. गल्लीतून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं, एवढंच.

पौष सरत आला की बेळगावात माझं मन लागत नाही. निपाणीकडून येणाऱ्या मोटारींच्या टपावर गोणपाटात शिवलेले तंबाखूचे बोद असतात. मोटार निघून जाते, वास रस्त्यावर तसाच रेंगाळतो. आधी काकवीसारखा गोडसर, मग घशात मिरची अडकल्यासारखा. इतरांना तो नुसता तंबाखू. मला आधी शिंक येते आणि शिंकेपाठोपाठ ती सगळी थंडी येते. पहिलं महायुद्ध चालू होतं तेव्हाची, मी एकवीस वर्षांचा होतो तेव्हाची. हल्ली दरवर्षी ती अधिक स्पष्ट येते. माणूस पन्नाशीला टेकला की कालचं विसरतो आणि असलं काही लख्ख होत जातं, ह्याला काय म्हणावं मला कळत नाही.

निपाणीत मशिदीला लागून एक लांबट खोली होती. पूर्वेला एकच खिडकी, तिला सहा गज. खिडकीपलीकडे तंबाखूची वखार. पहाटेची नमाज झाली की आम्ही पाच जण चटईवर बसायचो आणि ऊन खिडकीच्या तिसऱ्या गजावर आलं की उठायचो. मध्ये उस्ताद. निपाणीतच जन्मलेले, पण ऐन तारुण्यात उत्तरेकडे गेले आणि पंधरा वर्षं निरनिराळ्या थोरांपुढे बसून, ऐकून, लिहून परत आले. आले तेव्हा पेटीत कपडे दोन जोड आणि बाकी कागद, असं लोक सांगत. मी त्यांच्याकडे जाऊ लागलो तोवर दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. समोर माणूस आहे एवढं दिसायचं, कोण आहे ते दिसायचं नाही. आवाजावरून ओळखायचे. येता-जाता दस्तगीरच्या खांद्यावर हात ठेवून चालायचे.

दस्तगीर माझ्याच वयाचा. निपाणीपासून तीन मैलांवरच्या खेड्यातला, मुल्लाच्या घरचा. अंधारात घर सोडायचा आणि दवानं भिजलेल्या पायांनी खोलीत शिरायचा. उंबऱ्यापासून त्याच्या जागेपर्यंत ओल्या पावलांची रांग उमटायची, ती वाळेपर्यंत उस्ताद वाचन सुरू करू देत नसत. "चटई भिजली तर भिजू दे, किताब नको," म्हणायचे.

ज्यांना ह्या विद्येची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं, नाहीतर सात सकाळींचं एवढं काय, असं वाटेल. हदीस म्हणजे पैगंबरसाहेबांचं बोलणं, वागणं, त्यांनी कशाला हो म्हटलं, कशावर गप्प राहिले, ह्याची आठवण. पण नुसती आठवण कुणी मानत नाही. प्रत्येक आठवणीच्या आधी माणसांची नावं येतात. ह्याने त्याच्याकडून ऐकलं, त्याने त्याच्या गुरूकडून, असं करत करत थेट ज्याने प्रत्यक्ष पाहिलं त्याच्यापर्यंत. कधी कधी सांगायची गोष्ट एका ओळीची असते आणि आधीची नावं चार ओळींची. जुन्या पंडितांनी गोष्टींपेक्षा माणसं जास्त तपासली. हा खरं बोलणारा होता का, ह्याची आठवण पक्की होती का, म्हातारपणी ती कधीपासून ढळली, ज्याच्याकडून ऐकलं म्हणतो त्याला हा भेटला तरी होता का. अशा हजारो माणसांच्या नोंदींचे जाडजूड ग्रंथ आहेत. त्यांत राजांच्या लढाया नाहीत. अमका भला होता पण विसरायचा, तमका खोटं बोलताना एकदा सापडला, त्याचं घेऊ नये, एवढंच.

त्याचं घेऊ नये. हे तीन शब्द उस्ताद फार हलक्या आवाजात उच्चारायचे, जसं काही तो हजार वर्षांपूर्वीचा माणूस बाहेर ओट्यावर बसला आहे आणि त्याला ऐकू जाईल. एकदा आमच्यातल्या कुणीतरी विचारलं होतं, एका खोट्यापायी माणसाचं सगळं बाजूला ठेवायचं हे जरा जास्तच नाही का. उस्ताद म्हणाले होते, मी दस्तगीरच्या खांद्यावर हात ठेवून चालतो. तो एकदाच खड्ड्याकडे वळला तरी मला पुरे आहे.

उस्तादांची एक जुनी रीत होती, ती पुढे मला कुठेही पाहायला मिळाली नाही. ग्रंथाच्या शेवटी कोरी पानं शिवलेली असत. कोणत्या दिवशी कुठपासून कुठपर्यंत वाचलं, कोणी वाचलं, कोण ऐकत होतं, आणि ज्याचं काही हुकलं त्याचं नेमकं काय हुकलं, हे त्या पानांवर लिहायचं. हुकलेल्याला 'फौत' म्हणत. फौत असणं हा गुन्हा नव्हता. आजारपण आहे, प्रवास आहे, माणूस म्हटल्यावर हुकणारच. लिहिलं की झालं. मग त्याच्या सनदेत तेवढा भाग वगळून बाकीचा ग्रंथ येई. तो भाग पुन्हा ऐकला की तीही नोंद होई.

ही नोंद लिहायचं काम माझ्याकडे होतं. माझं अक्षर चांगलं होतं. आजही आहे, लोक लग्नाच्या पत्रिका माझ्याकडून लिहून घेतात. लिहिणारा म्हणून वाचनाच्या पाळीतून मला सूट होती. मी गप्प बसून कच्च्या कागदावर टिपण करायचो आणि दर गुरुवारी ते पक्क्या पानावर उतरवायचो. आवाजावरून माणूस ओळखणाऱ्या गुरूपुढे गप्प बसायचं काम ज्याचं, तो मी.

तंबाखूच्या दिवसांत निपाणीत जो तो शिंकतो. वखारीत चाळणं सुरू झालं की बारीक धूळ खिडकीतून आत यायची आणि आमच्या शिंका सुरू व्हायच्या. शिंकणाऱ्याने देवाचे आभार मानायचे आणि ऐकणाऱ्याने त्याच्यासाठी दुवा करायची, ही आमच्यातली पद्धत. पाच शिष्य आणि एक गुरू, सगळेच शिंकणारे. एखाद्या सकाळी वाचन कमी आणि दुवा जास्त व्हायची. अशाच एका सकाळी दस्तगीरला लागोपाठ नऊ-दहा शिंका आल्या. त्या थांबल्यावर डोळे पुसत तो मला म्हणाला, तीन ओळी मला ऐकू आल्या नाहीत, माझ्या नावावर लिही. सगळे हसले. एकजण म्हणाला, "आसं लिवाय लागला तर ह्या निपाणीत कुणाचीच सनद पुरी व्हायची न्हाय." उस्तादही हसले, खूप वेळ हसले, आणि त्या तीन ओळी पुन्हा वाचून घेतल्या.

इतकं सोपं होतं ते. मी आज त्या हसण्याजवळ येऊन थांबतो. इतकं सोपं होतं.

माझे वडील आदाप्पा अण्णांच्या रानात वाट्यानं तंबाखू करायचे. अण्णा जैन, चार गावांत जमीन, बोलणं फटकळ पण मन मऊ. त्या वर्षी पीक तोडून रानात वाळत घातलं आणि अब्बांना हिवताप भरला. तंबाखूच्या वाळलेल्या पानाचं एक आहे, ते दव असेतोवरच उचलता येतं. दवानं ते कातड्यासारखं लवचीक होतं. पलटा, गोळा करा, रचा. ऊन वर आलं की हात लावताच त्याची पूड होते. म्हणजे जी घटका रानाची, तीच घटका आमच्या वाचनाची. अण्णा बांधावर उभे राहून ओरडायचे, "दव हाय तवर उचला रं. मागनं हातात नुसता चुरा येईल." अब्बा घोंगडीत कुडकुडत पडलेले. घरात दुसरा पुरुष नव्हता. मी गेलो.

त्या सात सकाळी मला जितक्या आठवतात तितकी वाचनाची एकही सकाळ आठवत नाही, हेही कबूल करतो. धुकं कमरेइतकं. पानांवर हात फिरवला की थंड, ओलसर, जिवंत असल्यासारखं वाटायचं. बोटांना काळा चिकटा बसायचा, तो राखेनं घासला तरी निघायचा नाही. न्याहारीची भाकरी कडू लागायची, पाणीही कडू. बायका ओणव्या होऊन ओळीनं पुढे सरकत, त्यांच्या बांगड्यांचा आवाज धुक्यात कुठून येतो कळायचं नाही. आणि लांबून, गावाच्या अंगाला, सूर्य कुठल्या गजावर आला असेल ह्याचा मी मनाशी हिशेब करायचो. पण खरं सांगू? मला बरं वाटत होतं. हाताला काम होतं, कुणी नावं विचारत नव्हतं, कोणी कोणाकडून ऐकलं ह्याची पंचाईत नव्हती. कदाचित तेच मला उस्तादांना सांगायचं नव्हतं.

आठव्या दिवशी खोलीत गेलो. जागेवर बसताना माझा हात उस्तादांच्या गुडघ्याला लागला असावा. त्यांनी तो धरला, नाकाजवळ नेला.

"हाताला रान लागलंय तुझ्या," ते म्हणाले. "कधी जातोस?"

"वाचन झाल्यावर, उस्ताद."

मी ठरवून बोललो नव्हतो. वाक्य तोंडातून गेलं आणि मग मी त्याच्याकडे पाहिलं, असं काहीतरी झालं. उस्तादांनी हात थोपटला, अब्बांची चौकशी केली, आणि वाचन सुरू झालं. दस्तगीर समोरच बसला होता. त्याने मान वर केली नाही.

मी का म्हणालो तसं? अब्बांचा ताप सांगितला असता तर उस्तादांनी ते सात दिवस पुन्हा वाचून घेतले असते, वर मला घरी जायला सांगितलं असतं. भीती नव्हती. लाज होती म्हणावं तर लाजेसारखं काही केलंही नव्हतं. मला वाटतं तो गर्व होता. तोवर दस्तगीर सोडून बाकी तिघांच्या नावापुढे कुठे ना कुठे फौत लागलेली होती आणि ती माझ्या सुंदर अक्षरात मीच लिहिली होती. माझ्या नावापुढे काही नव्हतं. कोऱ्या जागेचा मला मोह पडला. असल्या मोहाला नावसुद्धा नाही, म्हणून तो इतकी वर्षं पकडता आला नाही.

मी नव्हतो त्या आठवड्यात कच्चं टिपण दस्तगीरने ठेवलं होतं. वाकडंतिकडं अक्षर, पण सगळं जागच्या जागी. तो फक्त हजर असलेल्यांची नावं लिहायचा. सातही दिवस चार नावं. त्या गुरुवारी मी ते पक्क्या पानावर उतरवलं आणि सातही दिवस पाच नावं लिहिली. मी परतल्यानंतरच्या दोन दिवशी, टिपण पुन्हा माझ्याकडे आल्यावर, स्वतः दस्तगीर नव्हता, त्याच्या बहिणीचं लग्न होतं; ते मी इमानानं नोंदवलं. मग त्याचा कागद घरी नेऊन चुलीत घातला.

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी, खोलीतून बाहेर पडून जोडे घालताना, तो सहज म्हणाल्यासारखं म्हणाला, "तुझं लिवायचं ऱ्हायलंय बघ."

"लिवतो की. घाई काय हाय?" मी म्हणालो.

तो "व्हय" म्हणाला आणि उस्तादांच्या हाताखाली खांदा द्यायला गेला.

उन्हाळ्याच्या तोंडाशी ग्रंथ पुरा झाला. शेवटच्या दिवशी खजूर वाटले, वखारीतले हमालसुद्धा दारात येऊन उभे राहिले. रीतीप्रमाणे हजेरीची पानं मोठ्यानं वाचायची होती. ती मीच वाचली. प्रत्येकाच्या नावापुढची फौत वाचली, दस्तगीरच्या दोन सकाळी वाचल्या, आणि माझं नाव आलं तेव्हा 'पहिल्यापासून शेवटपर्यंत' असं वाचलं. उस्तादांनी विचारलं, कुणाला काही सांगायचंय का. खोलीत धूळ उडत होती, कुणी शिंकलं नाही. मग त्यांनी चाचपडत खाली शिक्का उठवला. निघताना माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, माझं अख्खं तुझ्याकडे आहे.

त्या पावसाळ्यानंतर तापाची मोठी साथ आली. घरोघर माणसं गेली. उस्ताद गेले. आमच्यातले दोघे गेले. तिसरा हैदराबादेकडे निघून गेला, त्याचा पुढे पत्ता लागला नाही. राहिलो आम्ही दोघं, दस्तगीर आणि मी.

थंडी पडू लागली होती. एका सकाळी तो आमच्या दारात आला, बगलेत फडक्यात गुंडाळलेला ग्रंथ. बसला, पाणी प्याला, म्हणाला, "उस्ताद आता न्हाईत. ते दोन दिस मला तुझ्याकडनं ऐकायचे हाईत."

मी हसण्यावारी नेऊ लागलो. तू काय, मी काय, एकाच चटईवरचे. त्याने ऐकलं नाही. गुरूपुढे बसतात तसा गुडघे मोडून माझ्यापुढे बसला, मान खाली. त्या दोन सकाळी मी खरोखरच ऐकल्या होत्या. मी वाचत गेलो, तो ऐकत गेला. एका जागी मी अडखळलो तर तो थांबला, मला शोधू दिलं, स्वतः सांगितलं नाही, सांगता आलं असतं तरी. ऐकून झाल्यावर त्याने स्वतःच्या वाकड्या अक्षरात लिहून घेतलं: हा भाग मी हसनकडून ऐकला, हसनने उस्तादांकडून. मला सही करायला लावली.

सही झाली तरी तो उठला नाही. ग्रंथ मिटला नाही. पानं मागे उलटून एका ठिकाणी बोट ठेवून बसला. त्या सात सकाळींची पानं होती ती, मला वरून दिसत होतं. मी म्हणालो, चहा टाकायला सांगतो. त्याने ग्रंथ मिटला, फडक्यात गुंडाळला, चहा घेतला, गेला.

मला तेव्हा वाटलं, ह्याने माझा मान ठेवला. त्याने मला वाट दाखवली होती हे कळायला मला किती वर्षं लागली ते सांगत नाही. जे हुकलं ते ज्याने ऐकलं आहे त्याच्यापुढे बसायचं, एवढीच ती वाट. तो माझ्यापुढे बसला तो मला बसायला सोपं जावं म्हणून. मी चहा सांगितला.

पुढे बेळगावात माझी सोय झाली. पुरी सनद असलेला निपाणीतला एकमेव माणूस म्हणून मला बोलावणं आलं. दिवसा उर्दू शाळेत मास्तरकी, पहाटे मशिदीत हदीसचं वाचन. दस्तगीर खेड्यात राहिला, तंबाखू करत, पोरांना कलमा शिकवत. बेळगावकरांना तो ठाऊकही नाही. गेल्या वीस-बावीस वर्षांत माझ्याकडे अकरा जणांनी तो ग्रंथ पुरा केला. त्या अकरांचे शिष्य आणखी कुठे कुठे आहेत. त्यातला प्रत्येकजण नावं घेताना माझं नाव घेतो आणि माझ्यापुढे उस्तादांचं. त्या सात सकाळींची पानं आली की मी भरभर वाचतो. साक्ष कशी द्यावी, खोटी साक्ष केवढं मोठं पाप, ते प्रकरण नेमकं त्यातच आहे. इतक्या वेळा शिकवलं. एकदाही ऐकलेलं नाही.

गेल्या महिन्यात एक दिवस शाळेतून रजा घेतली आणि निपाणीची मोटार पकडली. हे दुसरं युद्ध संपलं तरी ती कोळशाच्या गॅसवरच चालते. चढ आला की उतारू खाली उतरून चालतात. संकेश्वर गेलं, वास सुरू झाला. स्टँडवर उतरलो तो समोर आदाप्पा अण्णा, काठी टेकत, साठी उलटलेले. त्यांनी मला ओळखलं. खांद्यावर हात टाकून शेजारच्या तरुण मुनिमाला सांगू लागले, हे बेळगावचे मोठे मौलवी, पण अंगात रग बघ कशी होती.

"आठवडाभर माझ्या रानात व्हता की गा पहाटंपासनं, बा तापानं पडल्यावर," ते म्हणाले. "एक दिस चुकला न्हाई. आजकालची शिकल्याली पोरं करतील व्हय आसं?"

मुनीम कौतुकाने माझ्याकडे पाहत होता. जगात माझ्या गैरहजेरीचा आणखी एक साक्षीदार आहे हे मला त्या क्षणापर्यंत सुचलंच नव्हतं, आणि तो ती माझी थोरवी म्हणून सांगत होता. मी दस्तगीरची चौकशी केली.

"मुल्लांचा दस्तगीर? त्येची छाती लई धरत्या आता," अण्णा म्हणाले. "बोलायला लागला की खोकला. तुमी जावा की एकदा, खूश हुईल. तुमचं नाव काढतोय सदा."

काय नाव काढतो, हे मी विचारलं नाही. तीन मैल. टांगे उभे होते. चालत गेलो असतो तरी तासाभरात पोचलो असतो. मी स्टँडवर दीड तास बसलो, दोनदा चहा घेतला, सारखा शिंकत होतो आणि शेजारचा पानवाला दर शिंकेला हसत होता. मग त्याच मोटारीनं परत आलो.

परतताना मनात वकिली सुरू. त्याचा आवाज बसलेला, तो वाचणार कसा. पण हे मलाच पटेना. गुरूने वाचलंच पाहिजे असं कुठे आहे, शिष्याने वाचावं आणि गुरूने ऐकून हो म्हणावं, तेही चालतं, मीच शिकवतो. मग म्हटलं, उन्हाळ्यात जाऊ, हवा कोरडी झाल्यावर त्याची छाती मोकळी होईल. मग म्हटलं, इतकी वर्षं गेली, आता उकरून कोणाचं भलं होणार. मोटार चढावर थांबली, सगळे उतरले, मीही उतरून चालू लागलो. चालताना बरं वाटत होतं. चढ संपू नये असं वाटत होतं.

त्या अकरांनंतरच्या, माझ्या आताच्या शिष्यांत युसुफ नावाचा एक आहे. बेळगावचाच, चोविशीचा, विणकराच्या घरातला, कमी बोलणारा. तीन वर्षं त्याने एकही सकाळ चुकवली नाही. त्याला कोकणात शिकवायला बोलावलं आहे. सनद लिहून तयार आहे, माझ्याच हातची, कोपऱ्यांत वेलबुट्टी काढलेली. सही राहिली होती. पाच दिवस मी ती पेटीतून काढत होतो आणि ठेवत होतो. परवा, शुक्रवारी दुपारी, तो सही घ्यायला आला आणि मी त्याला सगळं सांगितलं. अब्बांचा ताप, अण्णांचं रान, चुलीतला कागद. दस्तगीरचं बोटसुद्धा.

त्याने विचारलं, "बाकीच्यांना ठाऊक आहे?"

"नाही."

"मग मलाच का सांगितलंत, उस्ताद?"

तो जायला निघाला होता, इतकंच खरं होतं. त्याने सनद उचलली, पाहिली, पुन्हा बैठकीवर ठेवली.

"आता मी कुणालाही शिकवायला बसलो की हे सांगावं लागणार," तो म्हणाला. "तुमच्या नावाआधी."

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी काहीतरी बोललो असतो. तो गेला. काल पहाटे वाचनाला आला नाही, आजही नाही. त्याची जागा मी रिकामी ठेवायला सांगितली आहे.

आणि एक कबुली राहिली. हे मी मराठीत लिहितो आहे. मासिक वाचणाऱ्या तुम्हा मंडळींत माझा एकही शिष्य नसेल, म्हणून हात चालतो आहे. उर्दूत हीच पहिली ओळ लिहायला घेतली होती, चार दिवस कागद तसाच पडून आहे. अनोळखी माणसांपुढे मोकळं होणं सोपं असतं, हे मला ठाऊक आहे, आणि ह्याला मी खरं बोलणं म्हणत नाही. फार तर घसा साफ करणं म्हणेन.

देणं आहे ते असं. अकरा जणांना अकरा पत्रं, उर्दूत, प्रत्येकाला वेगळं, त्या पानांचा आकडा घालून, की हे मी ऐकलेलं नाही, माझ्या नावाने पुढे सांगू नका. युसुफला नवी सनद, तेवढा भाग वगळून. आणि त्याआधी दस्तगीरच्या खेड्यात जाऊन, तो बसला होता तसं गुडघे मोडून बसून, त्याच्यापुढे सात सकाळी वाचायच्या आहेत, त्याचा श्वास आहे तोवर. पुढे कुणी विचारलं तर, हा भाग मी दस्तगीरकडून ऐकला, दस्तगीरने उस्तादांकडून, असं म्हणायचं आहे. ह्यातलं आजपर्यंत मी काहीही केलेलं नाही.